हातांची साक्ष

जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भेडाघाट येथे, नर्मदा संगमरवरी खडकांच्या अरुंद घळीत शिरण्यापूर्वी एका कड्यावरून खाली कोसळते. त्या प्रपाताचा घोष पुष्कळ दुरून ऐकू येतो. तरीही तेथील लोकांनी त्याला दिलेले नाव घोषावरून आलेले नाही. तुषारांचा जो धूर सतत वर उठत असतो त्यावरून तो 'धुआँधार' झाला. मराठीत अशाच प्रपाताला 'धबधबा' म्हणतात, आणि हा शब्द उघडच कानाने घडविलेला आहे. एका भाषेने डोळ्याची साक्ष घेतली, दुसरीने कानाची. जन्मतः कर्णबधिर असलेला मनुष्य नर्मदेच्या त्या काठावर उभा राहिला, तर 'धुआँधार' हे नाव त्याला समजावून सांगावे लागणार नाही. 'धबधबा' हा शब्द मात्र त्याला केवळ विश्वासाने स्वीकारावा लागेल.

साक्ष कोणत्या इंद्रियाची, हा प्रश्न साहित्यविचाराला परका नाही. भरताने नाट्य हे दृश्य आणि श्रव्य असे दोन्ही मानले. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार त्याने सांगितले, म्हणजे वाणीला चारांतील एकच स्थान दिले. एका हाताच्या चोवीस आणि जोडलेल्या हातांच्या तेरा मुद्रा त्याने गणल्या. इतकी समृद्ध परंपरा पाठीशी असताना, ज्याला ऐकू येत नाही असा मनुष्य कथेच्या केंद्रस्थानी स्वतःची दृष्टी घेऊन यावयास विसावे शतक उलटावे लागले, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. त्याच्याविषयी कथा पुष्कळ सांगितल्या गेल्या; त्याच्या बाजूने सांगितलेल्या कथा फार थोड्या. १९७२ साली एका हिंदी चित्रपटाने आणि २०२१ साली एका अमेरिकन रहस्यमालिकेतील जवळजवळ निःशब्द अशा एका भागाने हे अंतर निरनिराळ्या मार्गांनी तोडण्याचा प्रयत्न केला. पहिल्या प्रयत्नाची नायिका जबलपूरला जन्मली होती. या दोन कृतींच्या मधला इतिहास हा कर्णबधिर माणसाला कथेत साक्षीदार म्हणून मान्यता मिळण्याचा इतिहास आहे.

साक्षीदार हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. जबलपूरचा आणि मराठी भाषिकांचा संबंध जुना आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्यप्रांताच्या काळात नागपूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली नांदली. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला बसले. अशा न्यायालयांत जो भारतीय पुरावा अधिनियम दीर्घकाळ चालला तो १८७२ सालचा. त्याच्या ११९ व्या कलमाने, ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, मात्र ते लेखन आणि त्या खुणा उघड न्यायालयात व्हाव्यात, अशी तरतूद केली. त्याच कलमाच्या अखेरीस एक विलक्षण वाक्य होते: अशा रीतीने दिलेला पुरावा हा तोंडी पुरावा समजला जाईल. कायद्याने हाताची भाषा मान्य केली. पण तिला ठेवण्यासाठी त्याच्याजवळ निराळा कप्पा नव्हता, म्हणून हाताला तोंड मानावे लागले. २०१३ च्या दुरुस्तीने या कलमातील मुका साक्षीदार हा जुना निर्देश गेला, दुभाष्याची मदत घेणे आणि जबानीचे चित्रीकरण करणे आवश्यक ठरले. १ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, त्यातही ही तरतूद टिकून आहे. कलेच्या क्षेत्रातही हाताला तोंड मानण्याचीच रीत दीर्घकाळ चालली. फरक इतकाच, की कायद्याने निदान साक्ष नोंदवून घेतली होती.

मराठी साहित्याने बहिरेपणाला जागा दिली, पण ती रूपकाची. एकनाथांच्या भारुडांत 'बहिरा' आणि 'मुका' अशी दोन पात्रे स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतात. प्रथमपुरुषी निवेदनाच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे. सोळाव्या शतकात समाजाच्या कडेला उभ्या असलेल्या इतक्या प्रकारच्या माणसांना बोलते करणारा दुसरा कवी मराठीत नाही. तथापि त्या बहिऱ्याचे बहिरेपण हे हरिकथा न ऐकल्याचे आहे आणि त्या मुक्याचे मुकेपण वाचेच्या दुरुपयोगाचे फळ आहे. शरीराची स्थिती ही आत्म्याच्या स्थितीची खूण म्हणून येते. भारुडाच्या प्रयोजनात हे बसणारेच आहे, म्हणून त्यासाठी नाथांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु हे रूपक पुढे इतके रूढ झाले की त्याच्या मागचा मनुष्य दिसेनासा झाला. सरकार बहिरे असते, दगड मुके असतात, जनावरे मुकी बिचारी असतात. 'आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ' या म्हणीत तर दोन माणसांचा परस्परांशी व्यवहारच अशक्य, असे गृहीत धरलेले आहे.

कान हा खात्रीचा साक्षीदार आणि तो नसणे म्हणजे अज्ञान, अशी या साऱ्यामागची समजूत आहे. वस्तुतः आपल्याच परंपरेतील एका थोर कथेने ती खोटी पाडलेली आहे. शब्दवेधी बाणाचा अभिमान बाळगणाऱ्या दशरथाने अंधारात घडा बुडण्याचा आवाज ऐकला, तो हत्तीचा समजला आणि एका तपस्वी कुमाराचा जीव घेतला. लोककथेने त्या कुमाराचे नाव श्रवण ठेवले आहे. ऐकणाऱ्या राजाकडून श्रवणाचाच वध व्हावा, ही योजना कोणी मुद्दाम केली असो वा नसो, तिचा अर्थ स्पष्ट आहे. कानावर आलेला पुरावा हाही अर्थ लावल्यावाचून पुरावा होत नाही, आणि अर्थ लावणारा चुकू शकतो. रहस्यकथेचा सारा डोलारा याच तत्त्वावर उभा असतो.

चित्रपटाच्या जन्माबरोबर परिस्थिती बदलण्याचा संभव निर्माण झाला होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हापासून १९३१ पर्यंत हिंदी भूमीवरचा चित्रपट हा ध्वनीवाचून चालणारा होता. मराठीने त्याला 'मूकपट' हे नाव दिले. हे नाव पडद्याकडे पाहून दिलेले आहे, प्रेक्षकाकडे पाहून नव्हे. चित्रपट मुका होता, परंतु त्याच्यासमोर बसलेल्या ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या प्रेक्षकांत कथेच्या आकलनापुरता फारसा भेद उरत नव्हता. नाट्यगृहातील वाद्ये आणि कोठे कोठे उभा राहून कथा सांगणारा निवेदक यांचा लाभ एकाला मिळे, दुसऱ्याला नाही. पण अर्थ पोचविण्याचे मुख्य काम चेहरा, हात आणि पडद्यावरील अक्षरे हीच करीत. अक्षरओळख असलेल्या कर्णबधिर प्रेक्षकाला चित्रपट हे बरोबरीच्या नात्याने उपभोगता येणारे करमणुकीचे साधन होते. नटांच्या बाबतीतही दार अगदीच बंद नव्हते. अमेरिकेत ग्रॅनव्हिल रेडमंड हा कर्णबधिर चित्रकार चार्ली चॅप्लिनच्या सहवासात होता आणि त्याच्या काही चित्रपटांत त्याने लहानसहान कामेही केली.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट दिला. चित्रपटाला वाचा फुटली, असे तेव्हापासून अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान रास्तच आहे. पण ज्या दिवशी चित्रपट बोलू लागला त्या दिवशी प्रेक्षकांतील एक वर्ग, स्वतःत काहीही बदल न होता, पहिल्यांदा बहिरा ठरला. या हानीची नोंद चित्रपटाच्या इतिहासात सहसा आढळत नाही. अमेरिकेत कर्णबधिरांसाठी अक्षरपट्टीसह चित्रपट पुरविण्याचा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले.

'आलम आरा'च्याच वर्षी चॅप्लिनने 'सिटी लाइट्स' हा संवादावाचून बेतलेला चित्रपट आणला. त्यातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. फुले विकणारी आंधळी मुलगी एका भणंगाला धनिक समजते. कारण तिने मोटारीचे दार लागल्याचा आवाज ऐकलेला असतो. ज्या चित्रपटात संवाद ऐकू येत नाहीत त्यातले मुख्य रहस्य एका आवाजावर उभे आहे, आणि प्रेक्षकाला ते डोळ्यांनी उलगडावे लागते. दशरथाप्रमाणे ही मुलगीही कानाच्या साक्षीने फसते, मात्र या फसण्यातून वध होत नाही, प्रेम निर्माण होते. पात्राला जे कळते आणि प्रेक्षकाला जे कळते त्यांतील अंतर इंद्रियभेदातून निर्माण करता येते, ही गोष्ट चॅप्लिनने येथे सिद्ध केली.

चित्रपट हाताची भाषा सोडीत होता त्याच्या पुष्कळ आधीपासून शाळाही ती सोडीत होत्या. १८८० साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी ओठ वाचणे आणि बोलणे यांवरच शिक्षणाची भिस्त ठेवावी असा ठराव केला. भारतात मुंबईत आणि कलकत्त्यात कर्णबधिरांच्या पहिल्या शाळा निघाल्या त्या याच ठरावाच्या छायेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. वर्गात हात आवरायचे आणि वर्ग सुटल्यावर मोकळे सोडायचे, अशी दुहेरी रीत जगभर अनेक पिढ्या चालली. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हरच्या अधिवेशनाने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी.

या पार्श्वभूमीवर १९७२ चा 'कोशिश' पाहावा लागतो. कायद्याने खुणांची साक्ष मान्य केल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. गुलजारांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट झेन्झो मात्सुयामा यांच्या १९६१ च्या एका जपानी चित्रपटावरून स्फुरलेला आहे. हरिचरण आणि आरती हे कर्णबधिर जोडपे, त्यांचे लग्न, संसार, अपत्य आणि वार्धक्य एवढाच त्याचा विषय. संजीवकुमारांना या भूमिकेसाठी आणि गुलजारांना पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आरतीची भूमिका करणाऱ्या जया भादुरी यांचा जन्म जबलपूरचा, ९ एप्रिल १९४८ चा. सत्यजित राय यांच्या 'महानगर'मध्ये त्या १९६३ सालीच दिसल्या होत्या. पुढे पुण्याच्या चित्रपटसंस्थेत त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. ही संस्था ज्या आवारात उभी आहे ते आवार एके काळी प्रभातचे होते. ज्या कंपनीने मराठी चित्रपटाला वाचा दिली तिच्याच अंगणात शिकलेली अभिनेत्री, वाणी पूर्णपणे बाजूला ठेवून, पडद्यावर एक संपूर्ण आयुष्य उभे करते, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

'कोशिश'मधील दोन स्थळे त्याला सामान्य करुणपटाहून निराळा करतात. पहिले स्थळ मैत्रीचे आहे. या जोडप्याचा जिवलग नारायण हा आंधळा आहे. ओम शिवपुरींनी ती भूमिका केली आहे. एकाला खुणा दिसत नाहीत, दुसऱ्याला शब्द ऐकू येत नाहीत. मराठी म्हणीने जिला व्यवहाराची अशक्यता म्हटले ती गाठ येथे प्रत्यक्ष पडते आणि टिकते; स्पर्शाने, सवयीने आणि एकमेकांच्या उणिवेची नेमकी माहिती असल्याने टिकते. दुसरे स्थळ खुळखुळ्याचे. पहिले मूल गमावलेले हे आईबाप दुसऱ्या मुलाच्या कानाशी खुळखुळा वाजवून पाहतात. मूल वळत नाही. आपले बहिरेपण मुलात उतरले या धास्तीने ते डॉक्टरकडे धावतात. तपासणीत मुलाचे कान उत्तम असल्याचे आढळते. दोष असतो तो खुळखुळ्यात, कारण तो वाजतच नसतो.

हा प्रसंग हास्याच्या आणि अश्रूंच्या सीमेवरचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्याचे खरे मोल रचनेत आहे. ती एक छोटीशी, पूर्णाकृती रहस्यकथा आहे. पुरावा समोर आहे, तो हातात धरलेला आहे, पण तो तपासण्याचे इंद्रिय तपास करणाऱ्यापाशी नाही. आईबापांचे अनुमान तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. चुकलेले आहे ते त्यांचे गृहीतक. दशरथ ऐकून फसला, फुलवाली ऐकून फसली, हे जोडपे न ऐकता फसले. आणि तिन्ही ठिकाणी मुळात चूक एकच आहे, ती म्हणजे साधनावर ठेवलेला विश्वास. त्या क्षणी कर्णबधिर मनुष्य कीव करण्याचा विषय राहत नाही. जगाविषयी अनुमान करणारा, ते तपासून पाहणारा आणि चुकणारा असा तो ज्ञाता होतो. हिंदी चित्रपटात कर्णबधिर पात्राच्या दृष्टीचा प्रथम उदय झाला असेल तर तो येथे.

तरीही 'कोशिश' ही पूर्णपणे त्या दृष्टीची कृती नव्हे. तिला मदनमोहनांचे संगीत आहे. तिच्यातील प्रत्येक दुःख आधी प्रेक्षकाच्या कानावर पोचते आणि मग पात्राच्या ध्यानात येते. प्रेक्षक नेहमीच एक पाऊल पुढे असतो, आणि जो पुढे असतो त्याच्या सहानुभूतीत दयेचा अंश मिसळल्यावाचून राहत नाही. भूमिका करणारे दोघेही ऐकणारे होते. शिवाय हरिचरण आणि आरती यांना पटकथेने इतके निर्मळ ठेवले आहे की त्यांच्या हातून अपराध घडण्याची शक्यताच नाही. खलत्व, लोभ, कपट ही सारी ऐकणाऱ्यांच्या वाट्याला गेली आहेत. ही वाटणी वरवर कर्णबधिरांच्या बाजूची दिसते. वस्तुतः ती त्यांना मनुष्यत्वाचा अर्धाच हिस्सा देते.

पुढील पंचवीस वर्षांत मौनाचे अनेक प्रयोग झाले, आणि मौन व बहिरेपण या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यांनी अप्रत्यक्षपणे दाखवून दिले. विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकाच्या नावातच शांततेला आज्ञेचे रूप दिले होते. त्यांच्याच पटकथेवरील गोविंद निहलानींच्या 'आक्रोश' (१९८०) या चित्रपटात पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू आपल्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. तेथील रहस्य त्याच्या मौनातच आहे. परंतु भिकू सारे ऐकतो. त्याचे मौन हे दहशतीचे आणि व्यवस्थेवरील अविश्वासाचे आहे. सिंगीतम श्रीनिवासराव यांचा 'पुष्पक' (१९८७) संवादावाचून चालतो, पण तो आवाजांनी गजबजलेला आहे. चित्रपटगृहाशेजारच्या कोंदट खोलीत राहिलेल्या नायकाला आलिशान हॉटेलातील शांततेत झोप येत नाही, म्हणून तो चित्रपटगृहाचा गोंगाट ध्वनिमुद्रित करून आणतो. हा विनोद ऐकणाऱ्याचा आहे आणि ऐकणाऱ्यासाठी आहे. 'पुष्पक'चे नायक कमल हासन यांनी त्यापूर्वी १९७७ साली 'कोशिश'च्या तमिळ अवतारात हरिचरणाची भूमिका केली होती. म्हणजे एकाच नटाने बहिरेपण आणि निःशब्दता या दोन निरनिराळ्या अवस्था दहा वर्षांच्या अंतराने साकारल्या. १९९६ चा 'खामोशी' गोव्यातील एका ख्रिस्ती कुटुंबात घडतो. नाना पाटेकर आणि सीमा विश्वास यांनी त्यात कर्णबधिर आईबापांची कामे ताकदीने केली आहेत. मात्र कथा त्यांच्या गाणाऱ्या मुलीची आहे, आणि संगिनी म्हणून तिचे संगीतच चित्रपटभर सोबत करते. आईबापांचे जग मुलीच्या कानांवाटे प्रेक्षकाकडे येते.

या मालिकेत २०२१ साली अमेरिकेतील 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' या रहस्यमालिकेच्या पहिल्या पर्वातील सातवा भाग येऊन मिळतो. न्यूयॉर्कमधील एका जुन्या, प्रशस्त वसतिगृहात खून होतो आणि तेथील तीन रहिवासी स्वतःच तपास करून त्याची हकीकत पॉडकास्टच्या रूपाने लोकांना ऐकवितात. तपास करणाऱ्यांचे माध्यम अशा रीतीने निव्वळ कानाचे आहे. सातव्या भागात मालिका अकस्मात थिओ या कर्णबधिर तरुणाच्या बाजूला जाते. त्या भागापुरते प्रेक्षकाच्या कानांवरचे बोलणे जवळजवळ संपूर्णपणे काढून घेतले आहे. ओठ हलतात, दारे लागतात, माणसे भांडतात; कळते ते खुणांतून, मुद्रांतून आणि पडद्यावरील अक्षरांतून. थिओचे काम करणारे जेम्स केव्हर्ली हे स्वतः कर्णबधिर अभिनेते आहेत. दिग्दर्शन शेरियन डाबिस यांचे आहे.

त्या भागात उलगडते ते असे: अनेक वर्षांपूर्वी नववर्षाच्या रात्री, एका अंगठीवरून झालेल्या झटापटीत, थिओच्या हातून एक मुलगी गच्चीवरून खाली पडली. त्या मृत्यूबद्दल एका निरपराध तरुणाला तुरुंगात जावे लागले. शेजारच्या एका ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या रहिवाशाने घटना पाहिली होती, पण थिओच्या पित्याने दिलेल्या धमकीमुळे तो गप्प राहिला. येथे मौनाची आणि बहिरेपणाची फारकत पूर्ण होते. ज्याला वाचा आहे तो मुका होतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला सर्व ठाऊक असते. तपास करणाऱ्यांनी सहा भाग कान देऊन जे शोधले ते डोळ्यांच्या एका साक्षीत साठलेले होते, आणि त्या साक्षीदाराला काही विचारावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. प्रेक्षकाच्याही आले नव्हते. मालिकेने त्याला एवढा वेळ कानांच्या भरवशावर ठेवून, मग तो भरवसा काढून घेतला, यातच त्या भागाची मर्मभेदकता आहे.

'कोशिश'शी तुलना करता दोन फरक ठळक दिसतात. पहिला ज्ञानाचा: 'कोशिश'मध्ये प्रेक्षक पात्राच्या पुढे असतो, येथे मागे. पुढे असणाऱ्याला दया येते. मागे असणाऱ्याला लक्ष द्यावे लागते. दुसरा फरक अपराधाचा. थिओ हा निष्पाप नाही. तो पित्याच्या चोरीच्या व्यवहारात सामील आहे, त्याच्या हातून मृत्यू घडलेला आहे आणि त्याने ते लपविलेले आहे. त्याला राग येतो, मोह होतो, पश्चात्तापही होतो. वाङ्मयात एखाद्या वर्गाला खरी समता कधी मिळते, या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येईल, की त्या वर्गातील पात्राला अपराधी असण्याचा अधिकार मिळतो तेव्हा. करुणरसाने हरिचरणाला आदर मिळवून दिला. थिओला मिळाले ते उत्तरदायित्व. ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो त्याचीच साक्ष घेतली जाते असे नव्हे. ज्याला खोटे बोलता येणे शक्य आहे असे आपण मानतो त्याच्याच साक्षीला काही अर्थ असतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ध्वनिपट्टी बंद केल्याने ऐकणारा प्रेक्षक कर्णबधिर होत नाही. त्याला जाणवते ती उणीव. आणि जन्मतः न ऐकणाऱ्याच्या जगात उणीव म्हणून शांतता नसतेच, कारण शांतता ही ध्वनीच्या तुलनेनेच कळणारी वस्तू आहे. या अर्थाने २०२१ चा तो भागही एक भाषांतरच आहे, आणि प्रत्येक भाषांतराप्रमाणे तो मूळ जगाची हानी करूनच आपल्यापर्यंत येतो. आक्षेप खरा आहे. परंतु भाषांतर कोणत्या दिशेने होते याला महत्त्व आहे. आजवर खुणांचे बोलण्यात भाषांतर होत असे, जसे कायद्याने हाताच्या साक्षीला तोंडी म्हटले. या भागात बोलणाऱ्याला खुणांच्या प्रदेशात जाऊन तेथील अडाणीपण थोडा वेळ सोसावे लागते. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे प्रथमच उलटले आहे.

भारतात खुणांच्या भाषेचा शास्त्रीय अभ्यास मदन वासिष्ठ, जेम्स वुडवर्ड प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकात केला आणि निरनिराळ्या शहरांतील खुणा मोठ्या प्रमाणावर एकाच भाषेच्या आहेत असे दाखविले. म्हणजे 'कोशिश'मधील आरतीचे हात ज्या काळी पडद्यावर हलत होते तेव्हा त्या भाषेचे व्याकरण अद्याप कोणी लिहिलेले नव्हते. १९८७ पासून दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातमीपत्र सुरू झाले. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी केंद्रशासनाची स्वतंत्र संस्था दिल्लीत २०१५ साली निघाली, आणि तिने तीन हजार शब्दांचा पहिला कोश २०१८ साली प्रसिद्ध केला. कोश असलेली भाषा ही समीक्षेच्या कक्षेत येणारी भाषा होय. तिच्यात कविता असू शकते, श्लेष असू शकतो, शिवीही असू शकते. तिला हावभाव म्हणून बाजूला सारणे, किंवा भरताच्या मुद्रांशी तिचे नाते सांगून गौरवाने बाजूला सारणे, या दोन्ही गोष्टी आता शक्य नाहीत. मुद्रा ही नटाने प्रेक्षकाला दाखविण्याची वस्तू आहे. खूण ही दोन माणसांनी आपसांत बोलण्याची.

मराठीतील लेखकाला यातून घेण्यासारखे आहे ते निःशब्दतेचे तंत्र नव्हे. एखादा प्रवेश संवादावाचून लिहिणे अवघड नाही. अवघड आहे ते मराठी वाक्यात रुजलेला कानाचा पक्षपात ओळखणे. या भाषेत पाऊस रिमझिम पडतो, पाने सळसळतात, ओढा खळाळतो, काळीज धडधडते, आणि उन्हसुद्धा रणरणते. ध्वन्यनुकारी शब्द ही मराठीची श्रीमंती आहे आणि ती टाकून द्यावयाची नाही. पण ज्या पात्राला ही श्रीमंती वारशाने मिळालेली नाही त्याच्या दृष्टीने एक पान लिहावयाचे झाले, तर पाऊस कसा पडेल, ओढा कशाने ओळखू येईल, मागून आलेले माणूस कळेल ते सावलीने की जमिनीच्या कंपाने, हे प्रश्न लेखकाला वाक्यावाक्याला पडतील. एकनाथांनी बहिऱ्याला बोलते केले त्याला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले जग त्याच्याच हातांनी सांगितले जाणे मात्र अजून पुष्कळसे बाकी आहे. भेडाघाटच्या कोणा अनामिकाने कोसळत्या पाण्याकडे पाहून त्याला धूर म्हटले, तेव्हा त्याला ऐकू येत होते की नाही याची विचारपूस कोणी केली नाही. नाव अचूक होते, म्हणून ते राहिले.